मदत हवी आहे: आजोबांच्या लिव्हरवाल्या विंचेस्टरला नवे सुटे भाग बसवावेत का?

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. रायफल आहे विंचेस्टर मॉडेल ९४, बोर ३०-३०, खालचा लिव्हर (दांडा) खाली-वर करून काडतूस भरायची. परवाना आधी आजोबांचा, मग वडिलांचा. वडिलांची सत्तरी झाल्यावर वारसा नियमाखाली तो माझ्या नावावर आला. आजोबांनी रायफल निजामाच्या राजवटीत घेतली होती, म्हणजे १९४८ च्या आधीची. मी परभणी जिल्ह्यातला, शेती करतो.

शिकारीचं आधीच सांगून टाकतो, नाहीतर पहिले चार प्रतिसाद त्यावरच येतील. रोही आणि रानडुकरं तुरीत काय धुमाकूळ घालतात ते आमच्या शिवारात कुणालाही विचारा. पण वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय मी त्यांच्यावर बंदूक उचलणार नाही. मला रायफल रेंजवर अधूनमधून नीट चालवायची आहे आणि बाकी वेळ नीट सांभाळायची आहे.

आता अडचणी. निवडणुकीच्या आचारसंहितेत दरवेळी ठाण्यात जमा करावी लागते. मागच्या वेळी परत आली ती मुद्देमाल खोलीतली ओल घेऊनच. रिसीव्हरवर (यंत्रणा असते त्या पोलादी पेटीवर) तांबूस बुरशीसारखा गंज आणि कुंद्याला, वरची पोलादी पट्टी जिथं लाकडात शिरते तिथून मागं, केसाएवढी चीर. चीर आधीची असेल, तेव्हा दिसली मात्र खरी. दुसरं म्हणजे लिव्हर बंद केला तरी घट्ट बसत नाही, नळी वर धरली की आपोआप थोडा खाली लोंबतो. तिसरी अडचण रायफलीची नाही, माझी आहे. चाळिशी लागली. मागचं खाचेचं साईट धुरकट, पुढची माशी त्याहून धुरकट. कॉलेजात असताना दहा मीटर एअर रायफल खेळलो, त्याला मागं बारीक भोकाचं पीप साईट असायचं. तसं काही हिच्यावर बसलं तर अजूनही नेम लागेल असं वाटतं.

परदेशातले व्हिडिओ बघून डोक्यात यादी तयार झाली आहे: वर रेल (स्कोप धरणारी पट्टी) आणि स्कोप (नेमाची दुर्बीण), मोठ्या कड्याचा लिव्हर, रबरी पॅड, हलकी स्प्रिंग, आणि लाकूड काढून काळा पॉलिमरचा कुंदा. यातलं काय करण्यासारखं आहे? आणि काय केलं तर चांगल्या वस्तूचा सत्यानाश होईल?

माळरान:
पॉलिमरचा कुंदा लावणार? मालक, आजोबा रात्री स्वप्नात येऊन कान धरतील. बाकी जाणकार सांगायलेतच, मी चहा घेऊन बसलो.

जुनी_नळी:
गोदाकाठ, तुमची यादी उलटी वाचा. शेवटचं आधी खोडा.

स्कोपचं आधी. मॉडेल ९४ रिकामं काडतूस वरून फेकते. रिसीव्हरच्या डोक्यावर स्कोप बसवला तर काडतूस त्याच्यावर आपटून परत आत पडेल. कंपनीला हे कळत नव्हतं असं नाही. १९८० च्या दशकात त्यांनी काडतूस तिरकं बाजूला फेकणारी आवृत्ती काढली, ती स्कोपसाठीच. तुमची त्याच्या कितीतरी आधीची. उरतो बाजूला लटकवलेला किंवा पुढं नळीवर बसवलेला स्कोप. दोन्हींसाठी भोकं पाडावी लागतात आणि दोन्ही या रायफलीवर भिकार दिसतात. हे माझं मत, पण ठाम आहे.

पीप साईटचा विचार मात्र अगदी बरोबर. डोळ्याला एका वेळी एकच अंतर स्पष्ट दिसतं आणि चाळिशीनंतर जवळचं धुरकट होतं. खाचेच्या साईटमध्ये खाच, माशी आणि लक्ष्य असे तीन धनी सांभाळावे लागतात. पीपमध्ये भोक धुरकट दिसलं तरी चालतं, डोळा आपोआप त्याच्या मध्यातून बघतो. तुम्ही फक्त माशीकडं बघायचं. शिवाय बारीक भोकामुळं माशीही आधीपेक्षा स्पष्ट दिसते.

बसवायचं कुठं? रिसीव्हरच्या डाव्या बाजूला मागं दोन भोकं कारखान्यातूनच देण्याची पद्धत पुढं आली, तुमच्या रायफलीला ती नसणार. नवी पाडायची नाहीत. पाडलेलं भोक परत बुजत नाही आणि मूळ अवस्थेतल्या जुन्या विंचेस्टरची किंमत तिथंच निम्म्यावर येते. पण कुंद्याच्या मानेवरची ती पट्टी नीट बघा. मोठ्या स्क्रूशिवाय तिच्यावर एक छोटा, नुसताच बुजवणीचा स्क्रू दिसतो का? दिसला तर तुम्ही नशीबवान. त्या पट्टीलाच टँग म्हणतात; त्या दोन स्क्रूंच्या जागी घडीचं पीप, म्हणजे टँग साईट बसतं, एकही नवं भोक न पाडता, आणि नको तेव्हा आडवं पाडून ठेवता येतं. पीप डोळ्याजवळ असल्यामुळं नेमाची रेषाही लांब मिळते. अंगठा मात्र मानेवरून पलीकडं न नेता उजव्या बाजूलाच ठेवायची सवय लावा.

तो स्क्रू नसेल तर दुसरी वाट: नळीवरचं मागचं साईट ज्या तिरक्या खाचेत बसतं, तिथंच पीप बसवायचं. खाच तीन अष्टमांश इंचाची ठरलेली असते. जुनं साईट पितळी पंचनं डावीकडून उजवीकडं काढायचं, नवं उजवीकडून डावीकडं घालायचं. काढलेलं साईट डबीत जपून ठेवा.

लिव्हर लोंबतो त्याला मोठं कडं लावून काही होणार नाही. मोठं कडं हातमोजे घालणाऱ्यांसाठी असतं, परभणीच्या मे महिन्यात हातमोजे कोण घालतं? लिव्हरच्या खालच्या जोडपट्टीत एक छोटी स्प्रिंगवाली खुंटी असते, फ्रिक्शन स्टड म्हणतात. ती झिजली किंवा तिची स्प्रिंग बसली की लिव्हर लोंबतो. तुमच्या सगळ्या यादीत हाच एक भाग खरोखर बदलण्याजोगा आहे आणि तो यादीत नाही!

हलकी स्प्रिंग नको. घोडा हलका पडला की काडतुसाच्या बुडातली ठिणगीची टोपी फुटत नाही, आणि फुसका बार निघाला की उशिरा उडण्याच्या भीतीनं रायफल समोर धरून उभं राहावं लागतं. रबरी पॅडसाठी कुंदा कापू नका. वरून चढवायचं चामड्याचं मोज्यासारखं पॅड मिळतं.

गोदाकाठ:
काका, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. आत्ताच कपाट उघडून बघितलं. मानेवर छोटा स्क्रू आहे! इतकी वर्षं तो कशासाठी आहे हा प्रश्नच पडला नव्हता. मग टँग साईट आणि स्टड परदेशी वेबसाइटवरून मागवतो, चालेल ना? आणि टोकदार गोळीची काडतुसं जास्त अचूक असतात म्हणे, ती घ्यावीत का?

वकील_लातूर:
थांबा, मागवू नका. शस्त्र अधिनियम १९५९ च्या व्याख्येत अग्निशस्त्राचे सुटे भागही अग्निशस्त्रातच येतात. आयातीला कलम १० खाली वेगळा परवाना लागतो, तुमचा बाळगण्याचा परवाना तिथं चालत नाही. खुंटी दोन इंचांची आहे की वीस, हे सीमाशुल्कवाले मोजत बसणार नाहीत. पार्सल अडकेल आणि नोटीस तुमच्या नावानं येईल. परवानाधारक विक्रेत्यामार्फतच जा. त्याच्याकडं मोडीत निघालेल्या जुन्या रायफलींचे भागही असू शकतात.

दुसरं, दुरुस्तीलासुद्धा परवाना लागतो, कलम ५. गावातला लेथवाला कितीही हुशार असला तरी त्याच्याकडं द्यायची नाही. परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडं देताना मूळ परवाना दाखवा आणि रायफलीच्या क्रमांकासह लेखी पावती घ्या. नळी आखूड करण्याचा विचार कुणी सुचवला तर कलम ६ वाचा. आवाज कमी करणारं साधन तर कायद्याच्या नजरेत स्वतःच अग्निशस्त्र आहे.

जुनी_नळी:
टोकदार गोळी? अजिबात नाही! या रायफलीत काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात एकामागं एक झोपलेली असतात. मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीवर टेकतं. टोक कडक आणि अणकुचीदार असेल तर धक्क्यानं आतच बार उडू शकतो. म्हणून ३०-३० ची गोळी चपट्या किंवा बोथट गोल नाकाची असते. मऊ प्लास्टिकच्या टोकाची काडतुसं अलीकडं निघाली, पण ती मुद्दाम नळकांड्यासाठी बनवलेली. आपल्याकडच्या कारखान्यात .३१५ आणि .३०-०६ ची काडतुसं होतात, ३०-३० बाहेरूनच येणार. त्यामुळं साईटवर खर्च करण्याआधी काडतुसं कुठून मिळणार हे विक्रेत्याला विचारा. आजोबांच्या वेळची पेटीत असतील तर ती वाजवू नका. आणि बोल्ट (काडतुसामागचा सरकता दट्ट्या) बंद झाल्यावर काडतुसामागं किती फट राहते ते आर्मररकडून (परवानाधारक शस्त्र दुरुस्तीवाल्याकडून) गेजनं तपासून घ्या. चीर आणि साईट त्यानंतर.

जालन्याचा_सुतार:
बंदुकीतलं मला कळत नाही, लाकडातलं कळतं. एवढ्या वर्षांत त्या चिरेत बंदुकीचं तेल मुरलेलं असणार, त्याच्यावर कुठलाच डिंक धरत नाही. आधी ॲसिटोननं तेल ओढून काढायचं, पुन्हा पुन्हा, कापूस पांढरा निघेपर्यंत. मग पातळ एपॉक्सी, आणि हळू दाब. पट्टीचं मागचं टोक लाकडाला थेट टेकत असेल तर दर बाराला ती पाचरीचं काम करणार. तिथं पोस्टकार्डाच्या जाडीची फट ठेवायला सांगा. धक्का रिसीव्हरच्या रुंद पाठीवर यायला पाहिजे.

वरून जवसाचं तेल. आपल्याकडं घाण्याचं कच्चं मिळतं, ते वाळायला आठवडे घेतं, म्हणून हात अगदी पातळ द्या. करडीचं नको, त्याहून सावकाश वाळतं. आणि तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाची चिंधी वाळताना आतून तापते आणि आपोआप पेटते. पाण्यात भिजवून बाहेर टाका. आमच्या दुकानाशेजारी एक पत्र्याची शेड अशीच जळाली आहे.

माळरान:
म्हणजे स्कोप गेला, रेल गेली, पॉलिमर गेलं, मोठं कडं गेलं. राहिली एक खुंटी आन जवसाचं तेल. लईच स्वस्तात सुटलात की.

गोदाकाठ:
स्वस्तात कसला, टँग साईटची किंमत विक्रेत्यानं फोनवर सांगितली तेव्हा खुर्चीवर बसलो! पण विचारून ठेवलं आहे. आर्मररकडं गेज तपासायला पुढच्या आठवड्यात नेतो. एकच शेवटचं: गंजासाठी घरी काही करता येईल का? आणि रायफल द्यायच्या आधी चीर कुठवर गेली ते बघायला कुंदा मी स्वतः काढू का?

जुनी_नळी:
गंजावर भरपूर तेल, रात्रभर तसंच ठेवा, मग सगळ्यात बारीक स्टील वूलनं तेलातच हलक्या हातानं पुसा. सँडपेपर लावायचा नाही, पुन्हा निळं पॉलिशही करायचं नाही. जुना निळेपणा गेला तर तो परत तसा येत नाही.

कुंदा काढू नका. त्या मोठ्या स्क्रूची खाच अरुंद असते, साध्या पेचकसानं हमखास खराब होते, आणि शंभर वर्षं बसलेला कुंदा ओढताना जरा जरी मुरगाळला तर केसाएवढी चीर बोटभर होईल. चीर बघायचीच असेल तर मानेवर ॲसिटोनचा कापूस फिरवा. लाकूड लगेच कोरडं होतं, चिरेत मात्र ओल रेंगाळते आणि ती कुठवर गेली ते रेषेसारखं दिसतं. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीची खूण करा आणि फोटो काढून आर्मररला दाखवा.