कोलंबिया नदीचा बार: मोठी कटर जहाजं असताना छोट्या लाइफबोटींची केंद्रं कशाला?

बंदरनोंद विचारतात:

अमेरिकेच्या वायव्य पॅसिफिक किनाऱ्यावरच्या तटरक्षक दलाच्या ठाण्यांची यादी करतोय. वॉशिंग्टनमध्ये नीआ बे, क्विलायूट रिव्हर, ग्रेज हार्बर आणि कोलंबिया नदीच्या मुखावरचं केप डिसअपॉइंटमेंट. ऑरेगॉनमध्ये टिलामूक बे, डेपो बे, याक्विना बे, सायुस्लॉ, अम्प्क्वा, कूस बे, चेटको. जवळजवळ प्रत्येक नदीच्या तोंडाशी एक केंद्र आणि तिथे ४७ फुटी मोटर लाइफबोट.

याच दलाकडे ४१८ फुटी नॅशनल सिक्युरिटी कटर आहेत, १५४ फुटी फास्ट रिस्पॉन्स कटर आहेत, अस्टोरियाजवळ हेलिकॉप्टरचा तळ आहे. मग इतक्या छोट्या बोटी इतक्या जवळजवळ ठेवण्यामागचं नेमकं कारण काय? नुसती जुनी पद्धत चालू आहे की पाण्याचंच काही गणित आहे? तसंच, लाइफबोट उलटली तर आपोआप सरळ होते म्हणतात, ते कशाच्या जोरावर? आतल्या माणसांचं आणि इंजिनाचं तेव्हा काय होतं?

---

खोलपाणी:

पाण्याचंच गणित आहे.

बार म्हणजे नदीने आणलेली वाळू समुद्राला भेटते तिथे साचून तयार झालेला उथळ पट्टा. लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या साधारण ०.७८ पट झाली की लाट फुटते. म्हणजे २० फुटी लाट सुमारे २५ फूट खोलीवर कोसळणार. कोलंबियाच्या मुखाशी जहाजांसाठी उकरलेला मार्ग ५५ फूट खोल राखतात, त्यामुळे मालवाहू जहाजं जातात-येतात. पण इंजिन बंद पडलेली मासेमारी बोट त्या मार्गात थांबत नाही. ती वाहत जाते उत्तरेला पीकॉक स्पिटवर (स्पिट म्हणजे पाण्यात घुसलेली वाळूची जीभ) नाहीतर दक्षिणेला क्लॅट्सॉप स्पिटवर, आणि तिथे पाणी उथळ. (पीकॉक हे अमेरिकी नौदलाचं जहाज, १८४१ मध्ये त्याच वाळूत रुतून गेलं. नाव तिथूनच आलं.) ४१८ फुटी कटरला २२ फुटांहून जास्त खोली लागते. लाटेच्या दोन माथ्यांमधल्या खळग्यात पाणी आणखी खाली जातं, म्हणजे अशा जागी तिचा तळ वाळूवर आपटेल. १५४ फुटी कटरला साडेनऊ फूट पुरतात, पण फुटत्या लाटेत उलटून पुन्हा सरळ होण्यासाठी ती बांधलेलीच नाही.

आता ओहोटी. १० सेकंदांच्या अंतराने येणारी लाट खोल पाण्यात सुमारे १५६ मीटर लांब असते. समोरून ५ नॉटचा (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) प्रवाह आला की खोल पाण्याच्या साध्या सूत्राने तिची लांबी जवळपास ९८ मीटरवर येते आणि उंची १.६५ पट होते. ६ फुटांची लाट १० फुटांची झाली, आणि तिचा चढ आधीच्या अडीचपटीहून जास्त झाला. यात उथळपणाचा परिणाम धरलेलाच नाही. कोलंबियाची ओहोटी ५ नॉटच्या पुढेही जाते. म्हणूनच सकाळी शांत दिसलेलं मुख त्याच दिवशी, वारा न बदलता, तीन तासांत ओलांडता न येण्यासारखं होतं.

दुसरं कारण वेळेचं. मदतीची हाक आल्यापासून अर्ध्या तासात बोट निघावी आणि एकूण दोन तासांत ठिकाणावर पोचावी, हे तटरक्षक दलाचं शोध-बचावाचं मानक आहे. ४७ फुटी बोटीचा कमाल वेग २५ नॉट, तोही सपाट पाण्यात. खवळलेल्या समुद्रात याच्या निम्मासुद्धा टिकत नाही. शिवाय शेजारच्या केंद्रातून यायचं तर आधी त्यांचा बार ओलांडायचा आणि मग तुमचा. ज्या हवेत तुमचा बार बंद असतो त्या हवेत त्यांचाही बहुधा बंदच असतो.

---

सुकाणूघर:

बोटीबद्दल सांगतो.

४७ फुटी बोटीचा सांगाडा ॲल्युमिनियमचा, वजन सुमारे १८ टन, मूळ रचनेत डेट्रॉइट डिझेलची ६व्ही९२ जातीची दोन इंजिनं, प्रत्येकी ४३५ अश्वशक्तीची. चालक दल चौघांचं, पल्ला २०० सागरी मैल. १९९७ पासून ती केंद्रांवर येऊ लागली, एकूण ११७ बांधल्या. तिच्यासाठी ठरवलेली मर्यादा: ३० फुटी समुद्र, २० फुटी फुटत्या लाटा, ५० नॉट वारा.

सरळ होण्यासाठी तिला पंप, मोटर, हलतं वजन यातलं काही लागत नाही. इंजिनं, टाक्या असं जड सामान तळाशी, आणि वरची केबिन हवाबंद, भरपूर आकारमानाची. बोट पूर्ण उलटते तेव्हा ही केबिन पाण्याखाली जाते आणि बुडवलेल्या रिकाम्या पिंपासारखी वर उसळी घेते. जड तळ त्या वेळी वर असतो आणि त्याला खाली यायचं असतं. दोन्ही जोर एकाच दिशेला फिरवतात, म्हणून उलट्या अवस्थेत ती स्थिर राहूच शकत नाही. दहा सेकंदांच्या आत सरळ होते.

पण हे सगळं दारं बंद असतील तरच. केबिनचा एक दरवाजा उघडा राहिला तर आत शिरलेलं पाणी ती उसळीच काढून घेतं. म्हणून बारकडे निघण्याआधी प्रत्येक दार आणि झडप लावून तसं तोंडाने मोठ्याने सांगायचं. सैल सामानही तितकंच महत्त्वाचं. उलटताना आतला अग्निशामक सिलिंडर सुटला तर तो माणसाच्या डोक्यावर येतो.

वरच्या उघड्या सुकाणू-मंचावर उभे असणारे हेल्मेट, ड्राय सूट आणि कमरेचा पट्टा घालून बोटीला अडकवलेले असतात. पट्ट्याला दोन आकडे असतात. जागा बदलायची तर एक नव्या ठिकाणी लावल्यावरच दुसरा काढायचा.

बोट सरळ झाली की पहिलं काम डोकी मोजणं. मग क्लच न्यूट्रलला आणून पाण्यात दोर लोंबतोय का ते पाहणं. टो करायचा, म्हणजे दुसरी बोट ओढायचा, दोर रिळावरून सुटून मागे तरंगत असेल आणि घाईत बोटीचा पंखा (प्रोपेलर) फिरवला, तर तो गुंडाळला जातो आणि पुढच्या लाटेला बोट आडवी सापडते. त्यानंतर तेलाचा दाब, इंजिनखोलीत पाणी, सुकाणू, रेडिओ. हे सगळं काही सेकंदांत उरकायचं, कारण लाटा गटाने येतात आणि मागची तयारच असते.

---

बंदरनोंद:

दोघांचेही आभार, बरंचसं उलगडलं. आणखी दोन गोष्टी. फुटत्या लाटेत बोट नेमकी चालवतात कशी? आणि बंद पडलेली बोट बारवरून आत ओढून आणताना काय बिघडतं?

---

सुकाणूघर:

चालवण्याचं मूळ एकच, लाटेला कधी आडवं सापडायचं नाही. समोरून येणारी लाट टाळता येत नसेल तर नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, थेट तिच्याकडे करायची, पायथ्याशी पुरेसा वेग ठेवायचा आणि माथ्याच्या जरा आधी थ्रॉटल कमी करायचा. कमी केला नाही तर १८ टनांची बोट माथ्यावरून हवेत उडते आणि पलीकडच्या खळग्यात आदळते. गुडघे आणि मणके मोडतात ते तिथे. उलट फार लवकर कमी केला तर बोट लाटेवर अर्ध्यात थांबते आणि मागे ढकलली जाते.

फुटून गेलेल्या लाटेच्या पांढऱ्या फेसात हवा मिसळलेली असते. त्यात पंख्याला पकड मिळत नाही, सुकाणूही ऐकत नाही. म्हणून वळायचं ते हिरव्या, घट्ट पाण्यात. लाट सगळ्या लांबीवर एकदम फुटत नाही. तिचा एखादा खांदा, म्हणजे बाजूचा भाग, मागाहून फुटतो, त्या बाजूने निसटता येतं. त्या क्षणी तो खांदा ओळखता येणं हेच सर्फमनचं कौशल्य. सर्फमन ही तटरक्षक दलातली वेगळी पात्रता आहे, आणि तिचं शिक्षण देणारी राष्ट्रीय मोटर लाइफबोट शाळा याच केप डिसअपॉइंटमेंटला आहे.

आत येताना धोका जास्त. पुढच्या लाटेच्या पाठीवर राहायचं, तिच्या पुढे जायचं नाही आणि मागचीला गाठू द्यायचं नाही. मागची गाठतेच आहे असं दिसलं तर वेळेत वळून नाळ तिच्याकडे करायची. दोन इंजिनं, एक पुढे एक मागे, यामुळे ४७ फुटी बोट जवळजवळ जागच्या जागी वळते. साध्या मासेमारी बोटीला ते जमत नाही.

---

दोरखंड:

टोबद्दल. दोर दुपदरी विणलेल्या नायलॉनचा असतो, कारण तो ताणतो आणि झटका गिळतो. लांबी अशी ठेवायची की दोन्ही बोटी एकाच वेळी माथ्यावर आणि एकाच वेळी खळग्यात येतील. एक चढतेय आणि दुसरी उतरतेय अशी वेळ आली की दोर आधी ढिला पडतो, मग एकदम कडक होतो, आणि त्या झटक्यात तो तुटतो किंवा ओढल्या जाणाऱ्या बोटीवरची दोर बांधायची खुंटी डेकसकट उपटून येते. खुंटी उपटणं जास्त नेहमीचं. जुन्या लाकडी बोटीवर खुंटीखालच्या फळ्या कुजलेल्या असतात आणि वरून काही दिसत नाही. म्हणून भार एकाच खुंटीवर न देता मागच्या मजबूत आधारापर्यंत वाटून घ्यायचा. दोर जिथे काठावर घासतो तिथे जाड कापड किंवा रबरी नळीचं आवरण हवंच. ताणलेल्या नायलॉनच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही. तुटलेलं टोक हाड मोडण्याइतक्या जोराने परत येतं.

बारवर ओढून आणताना मागच्या बोटीच्या शेपटीला ड्रोग बांधतात, म्हणजे पाण्यात ओढली जाणारी कापडी शंकूची पिशवी. ती नसेल तर मागून आलेली लाट त्या बोटीला उचलून लाइफबोटीच्या अंगावर घालते, किंवा तिची मागची बाजू फिरवून तिला आडवी करते.

वजनाची मर्यादाही आहे. ४७ फुटी बोट १५० टनांपर्यंत ओढू शकते. याआधी व्हिक्टरी, इन्व्हिन्सिबल, ट्रायम्फ आणि इंट्रेपिड या चार ५२ फुटी पोलादी लाइफबोटी इथे होत्या. वेग फक्त ११ नॉट, पण ओढण्याची ताकद ७५० टन. त्या आता सेवेत नाहीत. माझ्या मते ती पोकळी अजून नीट भरलेली नाही, कारण जड ट्रॉलर बारबाहेर बंद पडला तर खरं लागतं ते ओढण्याचं बळ. वेगाने तिथे काम भागत नाही.

---

खोलपाणी:

यादीत एक तारीख जरूर लिहा, १२ जानेवारी १९६१. मर्मेड नावाची मासेमारी बोट बारवर अडकली. तिच्यासाठी गेलेल्या ४० फुटी आणि ३६ फुटी बोटी आणि पॉइंट ॲडम्स केंद्राची ५२ फुटी लाकडी ट्रायम्फ, तिन्ही गेल्या. तटरक्षक दलाचे पाच जण आणि मर्मेडवरचे दोघे दगावले. वर उल्लेख झालेल्या पोलादी ट्रायम्फला नाव मिळालं ते याच बोटीवरून. दुसरी तारीख १२ फेब्रुवारी १९९७. क्विलायूट रिव्हर केंद्राची ४४ फुटी बोट जेम्स बेटाजवळ उलटली आणि तिघे गेले. ज्या शिडाच्या बोटीसाठी ते निघाले होते तिच्यावरच्या दोघांना हेलिकॉप्टरने उचललं. ४४ फुटी बोटही सरळ होणारीच होती, हे विसरू नका. बोट सरळ होते, पण खडकांच्या मध्ये ती कुठे जाऊन पडते आणि तिच्यावर कोण उरतं, याची हमी नसते.

---

भरतीवेळ:

मग हेलिकॉप्टरच का नाही? ३ फेब्रुवारी २०२३ चं उदाहरण पाहा. कोलंबियाच्या मुखाशी ३५ फुटी यॉट अडचणीत होती. हेलिकॉप्टरमधून पाण्यात उतरलेला बचाव-पोहणारा जवळ पोचत असतानाच मोठ्या लाटेने ती पूर्ण उलटवली, आणि पाण्यात पडलेल्या माणसाला हेलिकॉप्टरनेच उचललं. अशा जागी तेच योग्य. पण हेलिकॉप्टर माणूस उचलतं, बोट ओढत नाही, आणि इंधन संपलं की त्याला परतावं लागतं. खेकड्यांच्या हंगामात दाट धुक्यात पाच जणांची बोट बंद पडली तर लाइफबोट तिच्याजवळ रात्रभर थांबू शकते.

मासेमारांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी, कारण बहुतेक हाका टाळता येण्यासारख्या असतात.

बार ओलांडायची वेळ पाण्याच्या उंचीच्या तक्त्यावरून ठरवू नका, प्रवाहाच्या तक्त्यावरून ठरवा. पाणी सर्वांत खाली गेल्यावरही कोलंबियाची ओहोटी बराच वेळ वाहत राहते, आणि वसंतात बर्फ वितळून नदी फुगली की आणखी लांबते. भरतीच्या शेवटच्या टप्प्यात जा.

डिझेलचा फिल्टर निघण्याआधी बदला. बारवरच्या हिसक्यांनी टाकीच्या तळाचा गाळ ढवळतो, फिल्टर तुंबतो आणि इंजिन नेमकं सर्वांत वाईट जागी बंद पडतं. नांगर साखळीसकट नाळेवर तयार हवा, पेटीत नको.

खेकड्यांचे पिंजरे डेकवर उंच रचले की बोटीचा गुरुत्वमध्य वर जातो. बंदरात ती डुलते, पण सावरते. बारवर सावरत नाही. दोन फेऱ्या करा.

बार बंद करायचा की नाही याला एक सूत्र आहे: बोटीची लांबी भागिले १०, अधिक पाण्यापासून बोटीच्या काठापर्यंतची सर्वांत कमी उंची, सगळं फुटांत. २० फुटी बोट आणि काठ २ फूट असेल तर २ अधिक २, म्हणजे ४ फुटी लाटेला तुमची मर्यादा संपली. नियम मनोरंजनाच्या आणि छोट्या प्रवासी बोटींसाठी आहे, पण मोठ्या मासेमारी बोटीनेही आपला आकडा काढून केबिनमध्ये लिहून ठेवावा. धक्क्याजवळच्या फलकावरचे पिवळे दिवे लुकलुकत असतील तर लाटा ४ फुटांच्या वर आहेत. दिवे बंद असणं म्हणजे बार शांत असल्याची खात्री नव्हे.

---

बंदरनोंद:

शेवटचं. हाक कशी द्यावी?

---

भरतीवेळ:

व्हीएचएफ रेडिओचा चॅनेल १६. आधी जागा, मग किती माणसं, मग काय बिघडलं, मग बोटीचं वर्णन. जागा आधी, कारण त्यानंतर रेडिओ गप्प झाला तरी बोट कुठे पाठवायची ते कळलेलं असतं. तटरक्षक दल पुढचं बोलणं चॅनेल २२ए वर घेऊन जाईल. डीएससीचं, म्हणजे रेडिओवरून आपोआप डिजिटल हाक पाठवणाऱ्या सोयीचं, लाल बटण चॅनेल ७० वर हाक पाठवतं, पण रेडिओला जीपीएस जोडलेलं नसेल तर त्यात जागा जात नाही. हे जोडकाम राहून जातं, ते बंदरातच तपासा.

४०६ मेगाहर्ट्झचं ईपर्ब (संकटात उपग्रहाला संदेश पाठवणारं बीकन) हवं आणि त्याची नोंदणी झालेली हवी. अमेरिकेत ती नोआ या सरकारी सागर आणि हवामान संस्थेकडे विनाशुल्क होते आणि दर दोन वर्षांनी ताजी करावी लागते. नोंदणी असली की बोट कोणती आणि किनाऱ्यावर कोणाला फोन करायचा हे लगेच कळतं. फक्त १२१.५ मेगाहर्ट्झवर चालणारी जुनी बीकन १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रह ऐकतच नाहीत. बोट घेताना जुन्या मालकाकडून ईपर्ब आलं असेल तर नोंदणी त्याच्याच नावावर असते, आणि फोनही त्यालाच जातो.