मदत हवी आहे: नागपूर ते सॅन होजे नेमके किती तास? तातडीचं

आर्णीकर: आई जूनमध्ये बहिणीच्या बाळंतपणाला सॅन होजेला चालली. एकटी, पहिल्यांदाच. एक साइट अंतर १३ हजार किमी दाखवते, दुसरी १६ हजार. तिकिटावर पहाटे ४ ला सुटणार, त्याच तारखेला सकाळी ७:३० ला पोचणार! साडेतीन तासांत अमेरिका? एजंट फोन उचलत नाही. आई विचारते, डबा किती वेळचा बांधू. लवकर सांगा.

वणीवाला: कोणतं सॅन होजे? कोस्टारिकाची राजधानीपण सॅन होजेच. ते १६ हजार तिकडचे. कोड पाहा: एसजेसी म्हणजे कॅलिफोर्निया, एसजेओ म्हणजे कोस्टारिका.

आर्णीकर: कॅलिफोर्नियाच, अजून कोणतं! पण तिकिटावर एसएफओ आहे.

काटोलची ताई: ते सॅन फ्रान्सिस्को. तिथून सॅन होजे गाडीनं तासाभराचं. आणि पहाटे ४ ची वेळ दिल्लीची असणार, नागपूरची नाही. थेट विमानाला साधारण १६ तास लागतात, म्हणजे पोचतील तेव्हा आपल्याकडे रात्रीचे ८. जूनमध्ये तिकडचं घड्याळ साडेबारा तास मागे, म्हणून सकाळचे ७:३०. हिवाळ्यात हाच फरक साडेतेरा होतो.

बेलोरा एक्स्प्रेस: अमरावतीहून जा ना राजेहो! एप्रिल २०२५ पासून तिथल्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं विमान आहे.

वणीवाला: तिकीट दिल्लीचं, अन् तुम्ही म्हातारीले मुंबईले धाडता?

बेलोरा एक्स्प्रेस: विदर्भात आणखी एक विमानतळ झालं की काही लोकांच्या पोटात दुखते.

आर्णीकर: भांडण नंतर करा बाप्पा. नागपूर-दिल्लीचं तिकीट वेगळं काढलं आहे. बॅग आपोआप पुढे जाते ना?

काटोलची ताई: हे आधी सांगायचं ना भाऊ! पीएनआर वेगळे असतील तर बॅग पुढे जाईल असं धरू नका. दिल्लीत पट्ट्यावरून उचलायची, पुन्हा चेक-इन करायची. नागपूरचं विमान रखडलं तर पुढचं थांबणार नाही, म्हणून आदल्या दुपारीच दिल्ली गाठू द्या. दोन्ही कंपन्यांना फोन करून व्हीलचेअर सांगून ठेवा, पाय धड असले तरी. ढकलणारा माणूस रांगा, गेट सगळं पार करून देतो. माझ्या सासूबाई तशाच गेल्या, इंग्रजीचा एक शब्द न बोलता. डबा दिल्लीपर्यंतचाच बांधा, विमानात जेवण मिळते. लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीत नको, तपासणीत काढून घेतात.

वणीवाला: संत्रीपण नको. ताजी फळं अमेरिकेत उतरताना अडवतात.

कापूसभाव: व्हिसाच्या मुलाखतीले मुंबई-दिल्लीसारख्या शहरात जा लागते, नागपूरले होत नाई.

आर्णीकर: व्हिसा झाला आहे. ताई, व्हीलचेअरचे पैसे लागतात का?

काटोलची ताई: बहुतेक नाही, पण फोनवर विचारून घ्या.

बेलोरा एक्स्प्रेस: मुंबईहून गेले असते तर थेपले तरी मिळाले असते.