मागच्या लॉनचा चिखल आणि तीन बदकं

सचिव, रो-हाऊस १: नमस्कार मंडळी. मागच्या लॉनचा फोटो टाकलाय. नळाजवळ बघा, चिखलणी केलेलं शेत वाटतंय. रो-हाऊस ३, राग मानू नका, पण बदकांचं काहीतरी करायला हवं.

रो-हाऊस ३: राग कसला सर, मीच ओशाळलेय. पण खरं सांगते, मे महिन्यात याच तिघांनी हरळीचं एक पातंही हलवलं नव्हतं. हे सगळं जूनपासून.

रो-हाऊस ६: वहिनी, जूनपासून पाऊस आमच्याही बाजूला पडतोय. आमची हरळी हिरवीगार आहे 🙂

रो-हाऊस २: कोंबड्यांसारखी उकरत असतील. शेवटी पक्षीच.

रो-हाऊस ८, काकू: उकरत नाहीत हो. आमच्या माहेरी डिचोलीला भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, आठ-दहा बदकं असायची, म्हणून सांगते. कोंबडी नखांनी उकरते. बदकाच्या बोटांना पडदा, त्याला ते जमत नाही. ते चोच खुपसतं, किडे नि गांडुळं शोधायला. मे महिन्यात जमीन टणक, चोच शिरतच नाही. ओली झाली की शिरते. त्या भोकात पाणी साचतं, माती आणखी मऊ होते, की पुन्हा तिथेच चोच. वरून ते सपाट पाय दिवसभर थापट थापट. माती दबली की मुळांना हवा मिळत नाही आणि गवत कुजतं.

पण फोटो नीट बघा. खराब झालंय ते नळापाशी ठेवलेल्या बदकांच्या पाण्याच्या टबाभोवतीच, वावभर जागेत. म्हणजे लॉन बदकांनी नाही, त्या टबाने घालवलंय.

रो-हाऊस ६: मग टबच काढा. डेंगीचे दिवस आहेत, साचलेलं पाणी नकोच.

रो-हाऊस ८, काकू: काढून चालणार नाही. बदकाला निदान डोकं बुडेल एवढं पाणी लागतं, त्यातच ते डोळे आणि नाकपुड्या धुतं. दाणे खातानाही शेजारी पाणी हवं, नाहीतर घशात अडकतात. डासांचं म्हणाल तर अळीचा डास व्हायला साधारण आठवडा लागतो. पाणी रोज ओतलं तर तेवढा वेळ मिळतो कुठे?

रो-हाऊस ३: रोज ओततेय काकू. पण तिथेच, नळापाशी 🙈

रो-हाऊस ८, काकू: तिथेच तर घोटाळा झाला गो! ते पाणी म्हणजे पातळ शेणखत. एकाच जागी रोज पडलं तर गवत जळतं. केळीच्या आणि माडांच्या आळ्यात आलटून पालटून ओत. माझी केळ आधी हं.

रो-हाऊस ४: मध्येच एक विचारतो. पोदेराकडचे, म्हणजे पाववाल्याकडचे, उरलेले उंडे (गोल पाव) मी रोज संध्याकाळी घालतो त्यांना. चालतं ना? फार आवडीने खातात.

रो-हाऊस ८, काकू: आवडीने आपणही भजी खातो. पावाने पोट भरतं, अंगाला काही लागत नाही. शिवाय लॉनवर टाकलेला तुकडा चिखलात गेला की त्याच्यामागे चोच जाणारच. द्यायचंच तर भिजवलेला कोंडा किंवा चिरलेला पाला द्या, आणि तो भांड्यात, टबाशेजारी.

रो-हाऊस ४: म्हणजे थोडा चिखल माझाही 😬 उद्यापासून बंद.

रो-हाऊस २: बदकांच्या बाजूने एक सांगू? यंदा माझ्या अळूवर गोगलगाय नाही. गेल्या वर्षी रोज सकाळी डबाभर वेचत होते.

रो-हाऊस ३: देव बरें करूं 🙏 कुणीतरी बाजूने बोललं.

सचिव, रो-हाऊस १: बरं, मुद्द्यावर येऊ. काकू, करायचं काय?

रो-हाऊस ८, काकू: टब कंपाउंडच्या कोपऱ्यात न्या, माडाखाली. खाली वीतभर खणून चिऱ्यांचे तुकडे आणि वर खडी, म्हणजे सांडलेलं पाणी मुरेल आणि चोचीला माती मिळणार नाही. पाऊस ओसरेपर्यंत बदकं त्याच बाजूला. मध्ये दोन फुटी जाळी पुरे, ही पांढरी जात जड असते, उडत नाही. पायाखाली नारळाची सोडणं घाला, कुजली की बदला. चतुर्थीनंतर जमीन घट्ट झाली की संध्याकाळी तासभर लॉनवर सोडा. अर्ध्या भागात एक आठवडा, उरलेल्यात दुसरा.

रो-हाऊस ६: आणि गेलेलं लॉन?

रो-हाऊस ८, काकू: हरळी आहे ती, मरत नाही सहजी. बागकामाच्या काट्याने माती टोचून सैल करा, थोडी रेती घाला, कडेचे धागे उपटून मध्ये लावा. बदकं लांब राहिली तर आपोआप पसरेल. परदेशी नाजूक गवत लावलं असतं तर मात्र रडत बसलो असतो.

रो-हाऊस ३: रात्री तिन्ही पिंजऱ्यातच असतात. परवा घोरपड दिसली कंपाउंडवर, म्हणून कडी बदलली.

रो-हाऊस ६: घोरपड?? कुठल्या बाजूला?

रो-हाऊस ३: तुमच्या 🙂

सचिव, रो-हाऊस १: घोरपडीला कुणी हात लावू नका, कायद्याने संरक्षित आहे. रविवारी सकाळी साडेसातला कोपरा खणू. खडी रो-हाऊस ३ आणतील. चिऱ्यांचे तुकडे कुणाकडे?

रो-हाऊस ४: माझ्याकडे. गेटचं काम झालं तेव्हाचे पडून आहेत, दोन-तीन घमेली निघतील.

सचिव, रो-हाऊस १: छान. पहार?

रो-हाऊस २: पहार गेल्या चतुर्थीला मंडपासाठी रो-हाऊस ६ ने नेली होती.

रो-हाऊस ६: शोधतो.