त्शाला मुआना यांची ओळख गायिका म्हणून करून द्यावी की नर्तकी म्हणून?

खानापूरकर:
नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयात परदेशी लोककलावंतांवर बोलण्याची पाळी यंदा माझ्यावर आली असून मी कांगोच्या त्शाला मुआना (१९५८–२०२२) यांची निवड केली आहे. त्यांना कोठे गायिका, तर कोठे नर्तकी म्हटलेले आढळते. नेमके काय सांगावे? शिवाय, राजधानी किन्शासाच्या संगीतात लिंगाला भाषेचा एवढा दबदबा असताना त्या चिलुबा या लुबा लोकांच्या भाषेतून का गात राहिल्या असतील?

टिळकवाडीकर:
त्यांची सुरुवात नृत्यानेच झाली. १९७७ च्या सुमारास त्या गायिका म्पोंगो लव्ह यांच्या वाद्यवृंदात नर्तकी होत्या; पुढे आयव्हरी कोस्टमधील अबिजान आणि नंतर पॅरिस गाठल्यावर गायिका म्हणून त्यांचे नाव झाले. तरीही नृत्य मागे पडले नाही, कारण त्यांनी जे मंचावर आणले ते मुतुआशी हे मुळात कासाई प्रांतातील लुबा लोकांचे, कमरेच्या हालचालींवर उभे असलेले नृत्य आहे आणि त्याचाच ताल त्यांनी गिटार व विजेच्या वाद्यांच्या साथीत बसवला. संगीतबारीत लावणी गाणारीच अदाही करते, तसेच हे आहे. त्यामुळे दोहोंपैकी एक निवडण्याच्या फंदात आपण पडू नये, असे मला वाटते.

भाषेविषयी माझा तर्क असा, की त्यांचा जन्म कासाईत नव्हे, तर कटांगातील लुबुम्बाशी येथे, लुबा कुटुंबात झाला. खाणींच्या त्या मुलुखात पोटापाण्यासाठी आलेली लुबा कुटुंबे मोठ्या संख्येने होती. मूळ प्रांताबाहेर वाढलेल्यांना घरच्या बोलीची ओढ किती असते, हे सीमाभागातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

निपाणीकर:
टिळकवाडीकरांशी सहमत आहे, मात्र राजकारण वगळू नका. त्या माजी राष्ट्राध्यक्ष जोसेफ कबिला यांच्या पक्षाच्या उघड समर्थक होत्या. नोव्हेंबर २०२० मध्ये कृतघ्नतेवरील त्यांच्या एका गाण्याचा रोख राष्ट्राध्यक्ष त्शिसेकेदी यांच्यावर असल्याचे मानले गेले, त्यांना अटक झाली आणि दुसऱ्याच दिवशी सुटकाही झाली. त्शिसेकेदी स्वतः कासाईच्या लुबांपैकीच आहेत, हे लक्षात घेतल्यास मुआना यांना केवळ आपल्या जमातीची गायिका ठरवणे अपुरे वाटते.

खानापूरकर:
आभारी आहे. मग सुरुवातीलाच मुतुआशीची एखादी चित्रफीत दाखवावी म्हणतो. ज्येष्ठ सभासदांना कमरेच्या हालचाली खटकतील, अशी धाकधूक आहे.

टिळकवाडीकर:
अवश्य दाखवा. तमाशाचे फड पाहत मोठी झालेली मंडळी आहेत ती.