मदत हवी आहे: रिस्टोअर केलेली १९७० ची एमजीबी घ्यावी का?

मंडळी, मी बर्मिंगहॅमला असतो. ऑक्सफर्डशायरमधल्या एका गावात एक एमजीबी रोडस्टर (जुनी ब्रिटिश, उघड्या टपाची दोन सीटची स्पोर्ट्स कार) विकायला आहे, १९७० ची, क्रोम बंपरवाली, १७९८ सीसी, दोन एसयू कार्ब्युरेटर, गडद हिरवी, वायर व्हील्स. मालक साडेचौदा हजार पाउंड म्हणतोय. शनिवारी बघून आलो आणि खरं सांगतो, चावी फिरवल्यावर जो आवाज आला ना, तिथेच अर्धा विकला गेलो.

पण घरून फ्रिजवरचं मॅग्नेट नेलं होतं (महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, बायको चिडली) ते दाराखालच्या सिलवर (दोन चाकांमधला पत्र्याचा लांब पट्टा) लावलं तर पुढच्या टोकाला चिकटतं आणि मागच्या चाकाजवळ सरळ घसरून खाली, म्हणजे आत पुट्टीच भरलीये की काय? या गाडीला वेगळी चासी नाही, सगळा जोर सिलवरच, म्हणून धास्ती वाटते. रिस्टोरेशनच्या अल्बममध्ये इंजिनचे ढीगभर फोटो, सिलच्या वेल्डिंगचा एकही नाही. चाळीस वर्षांवरची म्हणून एमओटी (इकडची गाडीची वार्षिक तपासणी) लागत नाही, तर शेवटची कधी केली हेही तो सांगेना.

कुणी म्हणतं मागून जॅक लावून दार उघडझाप करून बघ, अडकलं तर बॉडी वाकतेय. खरंय का? आणि स्वखर्चाने एमओटी करून घेऊ का म्हटलं तर मालक वाईट वाटून घेईल का? दोन्ही सिल बदलायला इकडे कुणाला साधारण किती खर्च आला? रविवारपर्यंत उत्तर द्यायचंय त्याला.