सोलापुरात घरपोच पार्सल: ओळखीचा तरुण की नावाजलेली कुरिअर कंपनी?

प्रश्न: गृहउद्योजिका, जुळे सोलापूर

नमस्कार. मी घरून कडक भाकरी आणि शेंगा चटणी विकते, आणि मागणी आली की पूर्व भागातील एका कारखानदाराकडून चादरी व टॉवेल घेऊन तेही ग्राहकांना पाठवते. होटगी रस्त्यापासून विडी घरकुलापर्यंत शहरातली सगळी पार्सले आमच्या ओळखीचा एक तरुण स्वतःच्या मोटारसायकलवरून पोहोचवतो. तो कोणत्याही कंपनीचा नोकर नाही. पार्सलमागे ठरलेले पैसे तो घेतो, वस्तू हातात पडली की मला फोन करतो आणि ग्राहकांनी दिलेली रोख रक्कम संध्याकाळी आणून देतो. पुण्या-मुंबईची पार्सले मात्र मी कुरिअर कंपनीकडे देते.

अलीकडे कंपनीकडे दिलेला चादरींचा एक गठ्ठा वाटेत कोठे तरी गहाळ झाला आणि भरपाई म्हणून जी रक्कम सांगण्यात आली, तिच्यात त्यातली एक चादरही आली नसती. ग्राहकाला मी पदरचे पैसे परत केले. त्याच सुमारास शहरातील एका कुटुंबाने लग्नातल्या आहेरासाठी मोठी मागणी नोंदवली. परंतु घरी वयस्कर आईवडील एकटेच असतात, तेव्हा माल कंपनीच्या माणसाकडूनच आणि पावतीसह यावा, अशी अट घातली. त्यांची काळजी मला पटते, आणि तरीही त्या तरुणाचे काम काढून घेणे मला योग्य वाटत नाही, कारण आजवर त्याच्या हातून एकही वस्तू इकडची तिकडे झालेली नाही. अशा वेळी भरवसा नेमका कशाच्या आधारावर ठेवावा? अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर: कापड व्यापारी, चाटी गल्ली

ताई, माणूस की कंपनी हे ठरवण्याआधी पार्सलात काय आहे ते पाहावे, असे मला वाटते. चादर कितीही वेळा उचलून टाकली तरी तिचे काही बिघडत नाही; तिला भीती पाण्याची आणि चोरीची. कडक भाकरीचे तसे नाही. कंपनीकडे दिलेले पार्सल आधी शाखेत, तेथून हबवर म्हणजे पार्सले गावांनुसार वेगळी करण्याच्या केंद्रावर, मग दुसऱ्या गावच्या हबवर आणि शेवटी तिथल्या शाखेत जाते, प्रत्येक ठिकाणी ते चढवले-उतरवले जाते, आणि त्याच्यावर जड खोकी रचली जात नाहीत याची हमी कोणीही देऊ शकत नाही. हातातून हातात जाणारी भाकरीच अखंड पोहोचते. त्यामुळे शहरातले खाद्यपदार्थ त्या तरुणाकडेच असू द्यावेत.

दुसरे असे की आपल्या पूर्व भागात पत्ता शोधणे हे निव्वळ नकाशाचे काम नाही. साखर पेठेत किंवा अशोक चौकाच्या आतल्या बाजूला दारात तेलुगूत बोलणारी आजी भेटते, अक्कलकोट रस्त्याकडे कन्नड ऐकू येते, आणि जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या, म्हणजे गड्ड्याच्या दिवसांत कोणता रस्ता बंद आहे हे इथे वाढलेल्या मुलालाच माहीत असते. बाहेरगावी जाणारे मोठे गठ्ठे मात्र मी कुरिअरने न पाठवता ट्रान्सपोर्टकडे बिल्टी म्हणजे मालाची पावती करून देतो आणि मालाची पूर्ण किंमत बिल्टीवर लिहून घेतो.

उत्तर: वकील, सोलापूर

वर शेवटी आलेला मालाची किंमत लिहून घेण्याचा मुद्दा या चर्चेत सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून तो सविस्तर मांडतो. रस्त्याने मालवाहतुकीचा २००७ चा कायदा १ मार्च २०११ पासून लागू आहे आणि त्यातील वाहतूकदाराच्या व्याख्येत घरपोच सेवा देणाऱ्या कुरिअर संस्थाही येतात. या कायद्याखालील नियमांनुसार माल गहाळ झाला किंवा खराब झाला तर वाहतूकदाराची जबाबदारी सर्वसाधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते. २०० रुपये भाडे दिले असेल तर मर्यादा २,००० रुपयांची, मग गठ्ठ्यात कितीही किमतीचा माल असो. ही मर्यादा ओलांडायची असेल तर पाठवणाऱ्याने माल देतानाच जास्त किंमत जाहीर करावी लागते, आणि तेवढ्या जोखमीसाठी वाहतूकदार जास्त दर आकारू शकतो. बहुतेक लोक हे जास्तीचे पैसे वाचवायला जातात किंवा किमतीचा रकाना कोराच ठेवतात.

पावतीच्या मागे बारीक अक्षरात छापलेल्या अटींना न्यायालयातही वजन असते. भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल या १९९६ च्या प्रकरणात परदेशी पाठवलेली कागदपत्रे वेळेत न पोहोचल्यामुळे झालेले नुकसान मागण्यात आले होते. परंतु सही केलेल्या पावतीवर १०० डॉलरची मर्यादा होती आणि सर्वोच्च न्यायालयाने तीच ग्राह्य धरली. टपाल खात्याचेही असेच आहे: स्पीड पोस्टची वस्तू हरवली तर भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा १,००० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढीच भरपाई मिळते. त्याहून अधिक संरक्षणासाठी वस्तूचा विमा वेगळा उतरवावा लागतो.

तेव्हा नाव मोठे असल्याने भरपाईही मोठी मिळेल, हा समज सोडून द्यावा. कंपनीकडून जे मिळते ते निराळे आहे: प्रत्येक टप्प्यावरच्या स्कॅनची नोंद, तक्रारीसाठी पत्ता, आणि उद्या तो कर्मचारी गाव सोडून गेला तरी उत्तर देण्यास बांधील असलेली संस्था. आपल्या ओळखीच्या तरुणावरही कायद्याने जबाबदारी आहेच. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १५१ प्रमाणे, दुसऱ्याची वस्तू कामासाठी ताब्यात घेणाऱ्याने ती सर्वसामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूला जपतो तितकी जपावी लागते. अडचण पुढे येते, कारण निकाल आपल्या बाजूने लागला तरी महिन्याच्या कमाईवर घर चालवणाऱ्या मुलाकडून हजारो रुपये वसूल करणे प्रत्यक्षात होत नाही, आणि मला विचाराल तर होऊही नये.

आपल्या हरवलेल्या गठ्ठ्याविषयी आजच हालचाल करावी. मालवाहतुकीच्या २००७ च्या कायद्याच्या कलम १६ प्रमाणे पार्सल दिल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस दिली नसेल तर नंतर दावाच करता येत नाही. फोनवर किंवा ॲपमध्ये केलेल्या तक्रारीवर विसंबू नये. नोटीस पोचपावतीसह पाठवावी.

उत्तर: डिलिव्हरीचे काम करणारा, विजापूर रस्ता

मी दिवसा एका कुरिअर कंपनीच्या स्थानिक फ्रँचायझीसाठी काम करतो आणि संध्याकाळी ताईंसारख्या घरगुती व्यावसायिकांची पार्सले नेतो, म्हणून दोन्ही बाजू लिहितो. कंपनीचा माणूस म्हणून जो दारात येतो तोही पुष्कळदा माझ्यासारखाच पार्सलमागे दराने काम करणारा असतो. पेट्रोल त्याचे, गाडी त्याची, मोबाईलही त्याचाच. फरक वेळेचा पडतो. सकाळी रनशीटवर, म्हणजे त्या दिवशीच्या पार्सलांच्या यादीवर, जेवढी पार्सले चढतात तेवढी दिवसभरात संपवायची असतात, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, आणि ग्राहकाने एकदा फोन उचलला नाही तर पुन्हा चक्कर मारणे परवडत नाही. संध्याकाळच्या कामात पार्सले मोजकी असतात, म्हणून मी थांबू शकतो, जिना चढून आजोबांच्या हातात वस्तू देऊ शकतो. माझी नियत दोन्ही वेळांना तीच असते.

त्या कुटुंबाची काळजीही रास्त आहे. केवळ गणवेश पाहून दार उघडणे धोक्याचे आहे, कारण गणवेश कोणालाही मिळतो. मी जाण्यापूर्वी विक्रेत्याने माझे नाव, फोटो आणि गाडीचा क्रमांक ग्राहकाला कळवावा, असे मी स्वतः सुचवतो.

एक गोष्ट काम देणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावी. स्वतःच्या वापरासाठी घेतलेल्या दुचाकीच्या विम्यात भाड्याने माल वाहणे सहसा वगळलेले असते, त्यामुळे पार्सल नेताना अपघात झाला तर गाडीच्या नुकसानीची भरपाई नाकारली जाऊ शकते. पार्सल हरवले तर काय, हे सगळे विचारतात. पार्सल नेणारा पडला तर काय, हे क्वचितच कोणी विचारते.

प्रश्नकर्ती, जुळे सोलापूर

सर्वांचे मनापासून आभार. नोटीस उद्याच पाठवते. आमचा तरुणही स्वतःचीच गाडी वापरतो आणि त्याच्या विम्याचा विचार मी आजवर केला नव्हता. आता त्याला अपघात विमा घेण्यास सांगून त्याचा हप्ता मी भरेन. आहेराचा माल त्याच्याकडूनच पाठवायचा झाला, तर त्या कुटुंबाला दाखवता येईल असा कोणता कागद करावा, एवढे वकीलसाहेबांनी सांगावे.

उत्तर: वकील, सोलापूर

साधे दुहेरी प्रतीचे पावतीपुस्तक पुरेसे आहे. तारीख, वस्तू व नगांची संख्या, मालाची किंमत, नेणाऱ्याचे नाव व सही हे आपल्याकडच्या प्रतीवर असावे, आणि पोहोचल्यावर घेणाऱ्याची सही व वेळ दुसऱ्या प्रतीवर घ्यावी. बांधलेल्या गठ्ठ्याचा फोटो निघण्यापूर्वी काढून ग्राहकाला पाठवावा. रोख रक्कम त्या तरुणाच्या हाती देण्याची पद्धत शक्य तितकी बंद करून ग्राहकाला आपला क्यूआर कोड द्यावा, म्हणजे दिवसभराची वसुली खिशात घेऊन फिरण्याचा ताण त्याच्यावर राहणार नाही. किती किमतीपर्यंतचे नुकसान त्याने सोसायचे आणि त्यापुढचे आपण, हे आधीच लिहून दोघांनी सही करावी. ती मर्यादा त्याला झेपेल इतकीच ठेवावी. आहेराचा संपूर्ण माल एकाच फेरीत न पाठवता दोन-तीन फेऱ्यांत पाठवला, तर एका वेळची जोखीम त्या मर्यादेच्या जवळपास राहील.