नवजात बाळासाठी बालरोगतज्ज्ञ निवडताना डॉक्टरांचे नाव पाहावे की दवाखान्याचे अंतर?

प्रश्न : फुलेवाडी, कोल्हापूर

नमस्कार. माझ्या प्रसूतीची तारीख जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातील असून हे आमचे पहिलेच बाळ आहे. माझे पती गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करतात. प्रसूती शाहूपुरीतील एका खासगी रुग्णालयात व्हायची असून तेथे बोलावल्यावर येणारे बालरोगतज्ज्ञ ठरलेले आहेत. सासरच्या मंडळींचा मात्र आग्रह आहे, की माझ्या दिरांची दोन्ही मुले ज्यांच्या हाताखाली वाढली, त्या राजारामपुरीतील डॉक्टरांकडेच बाळाला न्यावे. ते नावाजलेले आहेत याविषयी शंका नाही. परंतु जाऊबाईंबरोबर मी एकदा तेथे गेले होते, तेव्हा अडीच तास बसावे लागले आणि आत गेल्यावर त्यांचे निम्मे प्रश्न विचारायचे राहूनच गेले. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक तरुण डॉक्टर आहेत, पण त्यांच्याविषयी आम्हांला कोणी काही सांगू शकत नाही. त्यातच प्रसूतीनंतर सव्वा महिना मी माहेरी, म्हणजे गगनबावड्याच्या बाजूच्या आमच्या गावी राहावे, असे आईला वाटते. अशा वेळी निवड कशाच्या आधारावर करावी, हे अनुभवी लोकांनी सांगावे.

उत्तर : दोन मुलांची आई, शिवाजी पेठ

ताई, प्रसूतीच्या वेळी बाळाजवळ कोण असेल आणि पुढची पाच-सात वर्षे बाळाला कोण पाहील, हे दोन प्रश्न वेगळे ठेवा, म्हणजे घरातला वादही कमी होईल. पहिल्या प्रश्नात निवडीला फारसा वाव नसतो. बाळ जन्मल्यावर रडले नाही, तर पहिल्या मिनिटाच्या आतच त्याला श्वास द्यावा लागतो, म्हणून त्या रुग्णालयात वेळेवर पोहोचणारे तज्ज्ञच तेथे योग्य. नंतरचे डॉक्टर तुम्ही निवडा आणि ते प्रसूतीपूर्वीच, पोट घेऊन जाणे जमते आहे तोवर, एकदा भेटून निवडा.

माझ्या थोरल्या मुलीच्या वेळी आम्ही केवळ नाव पाहून गेलो होतो. नवव्या दिवशी पहाटे दोनला ती अंगावर पिईना आणि उठवूनही नीट जागी होईना. डॉक्टरांचा फोन बंद होता आणि त्यांच्या पश्चात कोणाकडे जायचे, हे आम्हांला कोणी कधी सांगितलेच नव्हते. शेवटी आम्ही सीपीआर, म्हणजे कोल्हापुरातले सरकारी रुग्णालय, गाठले, तेथे तिला भरती करून घेतले आणि ती बरी झाली. ती रात्र आजही आठवली तरी माझा जीव घाबरतो. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा, की रात्री फोन कोण घेते, डॉक्टर परगावी असतील तर बाळ कोणाला दाखवायचे आणि काचेच्या पेटीत ठेवण्याची वेळ आली, तर ते कोणत्या रुग्णालयात पाठवतात. या तीन प्रश्नांना जे शांतपणे नेमकी उत्तरे देतील, ते तरुण असले तरी मला चालतील. लसीकरणाच्या बाळांना वेगळी वेळ देतात का, हेही पाहा; खोकणाऱ्या मुलांच्या गर्दीत महिन्याचे बाळ घेऊन दोन तास बसणे बरे नव्हे.

उत्तर : निवृत्त परिचारिका, कसबा बावडा

माझी बरीच वर्षे नवजात शिशू विभागात गेली, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. पदवी पाहणे आवश्यकच आहे. बालरोगातील एमडी, डीएनबी किंवा डीसीएच यांपैकी एक असावी, आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर छापलेला असतो, तोही वाचावा. मात्र त्याहून अधिक मी हे पाहीन, की डॉक्टर आईला समोर बसवून बाळ अंगावर कसे पिते हे पाहतात का. पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन जन्मवजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत उतरू शकते आणि साधारण दोन आठवड्यांत ते भरून निघते. तेवढ्यावरून घाबरवून लगेच डब्याचे दूध लिहून देणारे डॉक्टर मला पटत नाहीत. दवाखान्याच्या भिंतीवर अशा दुधाची जाहिरात दिसली तर परत फिरावे. १९९२ च्या कायद्याने अशा जाहिरातींवर बंदी आहे आणि २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला.

आता माहेरविषयी. नैसर्गिक प्रसूती झाली, तर बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी सोडतात, आणि बाळाची कावीळ तर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी वाढते, म्हणजे नेमकी घरी आल्यावर. बाळंतिणीच्या खोलीत खिडक्या बंद आणि पिवळा दिवा असला, की ती कोणाच्या लक्षातही येत नाही. पिवळेपणा पहिल्याच दिवशी दिसला किंवा तळहात-तळपायांपर्यंत उतरला, तर कोवळ्या उन्हात धरण्यात वेळ घालवू नये. रक्त तपासून लागल्यास प्रकाशोपचार करावे लागतात. म्हणून घरी सोडल्यापासून दोन दिवसांत पहिली तपासणी झालीच पाहिजे, आणि ती कोण, कोठे करणार, हे ठरवूनच माहेरी जावे. तीन महिन्यांच्या आतील बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला, तर घरी औषध न देता त्याच वेळी रुग्णालय गाठावे. शेगडीवरची धुरी, कानानाकात तेल, काजळ आणि बाळगुटी यांविषयी डॉक्टरांकडून आईंच्या समोरच स्पष्ट सांगून घ्या. मुलीने सांगितलेले आईला पटत नाही, डॉक्टरांनी सांगितलेले पटते, असा माझा अनुभव आहे.

रुग्णालय सोडताना कार्डावर जन्मवजन, रक्तगट, थायरॉइडची आणि ऐकण्याची तपासणी, तसेच बीसीजी, पोलिओ व कावीळ ब या जन्मावेळच्या लसी लिहून घ्या. पुढे डॉक्टर बदलले तरी हे कार्ड बाळाबरोबर राहते.

उत्तर : गगनबावडा रस्त्यावरील एका गावातून

जुलै म्हणजे ऐन पावसाचे दिवस, म्हणून लिहितो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात आमचा रस्ता पाण्याखाली जाऊन शहराशी संपर्क तुटला होता, आणि एरवीही पाणी वाढले की वाहतूक थांबते. शक्य असल्यास आईंनाच फुलेवाडीला बोलवावे. गावी जाणारच असाल, तर आशाताईंकडे आधी नाव नोंदवा. रुग्णालयात प्रसूती झालेल्या बाळाला पाहण्यासाठी त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. सहाव्या आठवड्याच्या लसीही सरकारी केंद्रात मोफत मिळतात.

प्रश्नकर्तीचे उत्तर : फुलेवाडी

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. आईशी काल बोलले. पहिले तीन आठवडे तिनेच इकडे यावे आणि पुढे पाऊस पाहून गावी जावे, असे ठरले आहे. पतींची पहिली पाळी असलेल्या आठवड्यात संध्याकाळी आम्ही दोघे घराजवळच्या डॉक्टरांना भेटून हे तीन प्रश्न विचारणार आहोत. सासूबाईंनाही बरोबर नेते, म्हणजे राजारामपुरीचा आग्रह का सोडला, हे मला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.